उपग्रहाचा काटा कोण तपासणार?

काटा कोणाच्या हाती आहे, यावर शेतकऱ्याचा वर्षाचा हिशोब ठरतो, हे वऱ्हाडात कोणाला नव्याने सांगावयास नको. कापसाच्या बाजारात ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग केवळ म्हण म्हणून वापरला गेला नाही. तो अनुभव म्हणून वापरला गेला. वजनांवर सरकारी शिक्का असावा, काटा सर्वांच्या डोळ्यांसमोर असावा, शंका आली तर तो कोणालाही तपासता यावा, या मागण्या त्या अनुभवातूनच जन्मल्या. पुढे १९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, तेव्हा भांडण वजनाकडून प्रतवारीकडे सरकले. वजन बरोबर असले तरी कापसाला कोणती प्रत लावावयाची हे ग्रेडरची नजर ठरवीत असे, आणि त्या नजरेवर कसलाही शिक्का नव्हता.

आता तिसरा काटा आला आहे. तो बाजारात नाही, खरेदी केंद्रावर नाही. जमिनीपासून ७८६ किलोमीटर उंचीवरून तो अकोल्या-अमरावतीच्या शेतांवरून फिरतो आणि दर काही दिवसांनी त्यांची प्रतिमा टिपतो. त्या प्रतिमेवरून पीक किती आले याचा अंदाज बांधला जातो, आणि तो अंदाज पीक विम्याच्या भरपाईत शिरतो. या काट्याला विरोध करणे हे आपले काम नव्हे. तो उघड्यावर आणणे आणि तपासणे हे आपले काम आहे. हा काटा तपासण्याचे साधन विनामूल्य आहे, खुले आहे आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील साध्या संगणकावरही चालते. तरीही आपल्या चळवळीतील एकाही शिबिरात त्याचा उल्लेख होत नाही. ही उदासीनता महागात पडणारी आहे, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

एका आकड्याची किंमत

प्रथम हिशोब पाहू. प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तिचा पाया क्षेत्राधारित आहे. म्हणजे एकेका शेताचे नुकसान न मोजता महसूल मंडळासारख्या घटकाचे सरासरी उत्पन्न मोजावयाचे आणि ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले तर त्या घटकातील सर्व विमाधारकांना त्या प्रमाणात भरपाई द्यावयाची. प्रा. वि. म. दांडेकर यांनी १९७६ साली या पद्धतीचा जो आग्रह धरला, त्यामागील तर्क निर्दोष होता. लाखो शेतांची स्वतंत्र पाहणी स्वस्तातही होत नाही आणि प्रामाणिकपणेही होत नाही. परंतु या तर्काची एक अटळ निष्पत्ती आहे. सर्व काही सरासरीवर सोपविल्यानंतर त्या सरासरीचा प्रामाणिकपणा हाच शेतकऱ्याचा एकमेव आधार उरतो.

ही सरासरी आजवर पीक कापणी प्रयोगांतून येत असे. यदृच्छेने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखावयाचा, तेथील पीक कापून मळून तोलावयाचे, ही पद्धती १९४० च्या दशकात पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञांनी आपल्या देशात रुजविली. तिच्यात दोष आहेत, दबावही येतात. पण ती शेतात, दिवसाढवळ्या, गावकऱ्यांच्या देखत घडते. केंद्र सरकारने २०२३ पासून भात व गहू या पिकांसाठी आणि २०२४ च्या खरिपापासून सोयाबीनसाठी उपग्रह व तत्सम तंत्रावर आधारित उत्पन्न-अंदाजाला किमान ३० टक्के भार देण्याचे धोरण स्वीकारले. ‘येस-टेक’ हे त्या पद्धतीचे नाव.

या ३० टक्क्यांचा अर्थ एका साध्या उदाहरणाने कळेल. समजा, एखाद्या मंडळात सोयाबीनचे उंबरठा उत्पन्न हेक्टरी १,००० किलो आणि विमा संरक्षित रक्कम ५०,००० रुपये आहे. कापणी प्रयोगांत सरासरी ६०० किलो भरली. केवळ त्यावर गेलो तर तूट ४० टक्के, भरपाई २०,००० रुपये. आता उपग्रहाचा अंदाज ९०० किलो आला, तर ७० आणि ३० टक्क्यांच्या मिश्रणाने उत्पन्न ६९० किलो होते. तूट ३१ टक्के, भरपाई १५,५००. शेतात काहीही बदललेले नाही, परंतु हेक्टरी ४,५०० रुपये गेले. अंदाज उलट बाजूला चुकला असता तर तेवढेच पैसे वाढले असते, हेही खरे. पण कोणत्या बाजूला चुकला आहे हे सांगणार कोण?

शिवाय आता या सरासरीवर पूर्वीपेक्षा अधिक भार आहे. राज्य सरकारने २०२३ च्या खरिपात सुरू केलेला एक रुपयातील विमा २०२५ च्या खरिपापासून बंद केला. त्याच वेळी स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान यांसारखी जोड-संरक्षणे वगळून भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आणून ठेवली. शेतकऱ्याने सोयाबीनसाठी विमा रकमेच्या २ टक्के आणि कापसासाठी ५ टक्के हप्ता भरावयाचा, आणि मग त्या एका आकड्याची वाट पाहावयाची.

प्रतिमा वाचणे म्हणजे काय

उपग्रहाची प्रतिमा म्हणजे छायाचित्र, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती आकड्यांची वही असते. युरोपीय संघाच्या सेंटिनेल-२ या उपग्रहाची एक प्रतिमा घ्या. तिच्या आडव्या ओळीत १०,९८० आणि उभ्या ओळीत १०,९८० घरे असतात. म्हणजे एका वर्णपट्ट्यात १२ कोटींहून अधिक आकडे. प्रत्येक घर जमिनीवरील १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद तुकड्याचे. शंभर चौरस मीटर म्हणजे एक आर. सातबाऱ्यावर क्षेत्र ज्या हेक्टर-आर मापात लिहिलेले असते, त्यातलाच हा आर. एका पूर्ण प्रतिमेचे क्षेत्र सुमारे १२,००० चौरस किलोमीटर भरते. अमरावती जिल्ह्याचे क्षेत्रफळही जवळपास तेवढेच आहे. आकाशातून आलेली ही एक वही म्हणजे जिल्ह्याच्या प्रत्येक आराची नोंद होय. तलाठ्याच्या दप्तराला एवढी सूक्ष्म नोंद कधी साधली नव्हती.

या वह्या गुप्त नाहीत. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांच्या एका प्रतिमेला पूर्वी सुमारे ६०० डॉलर मोजावे लागत. २००८ साली तो सारा संग्रह विनामूल्य खुला झाला. सेंटिनेलच्या प्रतिमा प्रारंभापासून खुल्या आहेत. भारतीय उपग्रहांच्या ढोबळ मापाच्या प्रतिमा हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या ‘भूनिधी’ या संकेतस्थळावरून मिळतात. म्हणजे वही सर्वांची आहे. अडचण एवढीच की ती उघडण्यासाठी आणि तिच्यातील आकडे वाचण्यासाठी वाचक लागतो.

असा वाचक ‘जीडॅल’ या नावाने उपलब्ध आहे. फ्रँक वार्मरडॅम या कॅनडातील प्रोग्रामरने १९९८ साली त्याचे काम आरंभिले. संगणकाच्या भाषेत ही एक लायब्ररी आहे, म्हणजे इतर प्रोग्रामांनी आपापल्या कामासाठी वापरावयाचा तयार सूचनांचा संच. उपग्रहांच्या प्रतिमा शेकडो निरनिराळ्या स्वरूपांत साठवलेल्या असतात. जीडॅल त्यांतील बहुतेक स्वरूपे उघडतो आणि आकडे, स्थान, तारीख व माप एकाच रीतीने पुढे ठेवतो. त्याचा सर्व स्रोत, म्हणजे प्रत्येक ओळ, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो, वाटता येतो. त्यासाठी परवानगी नको, पैसा नको.

यातील विनोद असा की, महागडी नकाशाशास्त्रीय सॉफ्टवेअरे विकणारी एस्री कंपनी आणि घरोघरी पोहोचलेले गुगल अर्थ यांच्या पोटातही हाच खुला वाचक काम करतो. ज्यांना ही विद्या विकावयाची आहे त्यांना या सार्वजनिक साधनाचे मोल नीट कळते. ज्यांच्या शेताचा प्रश्न आहे त्यांना मात्र त्याचे नावही ठाऊक नसते.

बसवणे सोपे, तपासणे महत्त्वाचे

अर्थशास्त्र शिकवण्यात हयात गेलेल्या माझ्यासारख्या माणसालाही हे साधन जुन्या संगणकावर बसवता आले, तेव्हा ते तज्ज्ञांचे राखीव क्षेत्र आहे असे कोणी सांगू नये. उबुंटूसारखी मुक्त प्रणाली असलेल्या संगणकावर एका ओळीची आज्ञा पुरते. विंडोज असल्यास ‘क्यूजीआयएस’ हा मुक्त नकाशा-प्रोग्राम बसवला की त्याबरोबर जीडॅल आपोआप येतो. तेव्हा बसवण्याची थोरवी गाण्यात अर्थ नाही. काटा विकत आणला म्हणून वजन बरोबर होत नाही. शिक्क्याचे वजन टाकून तो पारखावा लागतो. खरा प्रश्न तपासणीचा आहे, आणि तेथेच आपल्या कार्यकर्त्यांचे काम सुरू होते.

पहिली तपासणी वाचकाचीच. आपल्याला कोणकोणती स्वरूपे वाचता येतात याची यादी जीडॅल स्वतःच देतो. सेंटिनेलच्या प्रतिमा ‘जेपेग २०००’ या स्वरूपात येतात. ते वाचणारा भाग बसवलेला नसेल तर प्रतिमा उघडणारच नाही, म्हणून ती यादी आधी पाहावी. या लायब्ररीच्या स्रोताबरोबर तिच्या कसोट्यांचा एक मोठा संचही मिळतो. त्यात नमुन्याच्या लहान प्रतिमा आणि त्या वाचल्यावर यावयाचे उत्तर, दोन्ही दिलेली असतात. आपल्या संगणकावर तेच उत्तर आले तर वाचक ठीक. आपल्या जुन्या शाळांत गणित सोडवल्यावर ताळा पाहण्याची शिस्त होती. तीच ही शिस्त. जगातला कोणीही हा ताळा स्वतः पाहू शकतो, यात या साधनाची नैतिक प्रतिष्ठा आहे.

दुसरी तपासणी स्थानाची. गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्यासाठी तिचे पट्टे पाडलेले असतात, आणि त्रेचाळीस व चव्वेचाळीस या दोन पट्ट्यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर येते. ही रेषा अमरावती जिल्ह्यातून जाते. अकोला आणि अमरावती शहर एका पट्ट्यात, तर वरूड आणि धामणगाव दुसऱ्या पट्ट्यात. संपूर्ण जिल्ह्याचा हिशोब एकाच पट्ट्यात आहे असे मानून कोणी आकडेमोड केली तर वरुडच्या संत्राबागा भलत्याच ठिकाणी जाऊन पडतील. २०१९ साली या लायब्ररीची तिसरी मोठी आवृत्ती आली, तेव्हा अक्षांश आधी की रेखांश आधी याचा नियमही बदलला. जुन्या सवयीने लिहिलेला प्रोग्राम नव्या आवृत्तीवर न तपासता चालवला तर २०.७ उत्तर आणि ७७ पूर्व येथील अकोल्याचे शेत ७७ उत्तर आणि २०.७ पूर्व येथे, म्हणजे आर्क्टिक महासागरात स्वालबार्ड बेटांजवळ जाऊन पोहोचते. ही चूक हास्यास्पद आहे म्हणून लगेच सापडते. जी चूक हास्यास्पद नसते, ती सापडत नाही.

अशा न सापडणाऱ्या चुकीचे उदाहरण म्हणजे तिसरी तपासणी, मापाची. पिकाचा हिरवेपणा मोजण्यासाठी एक निर्देशांक काढतात. हिरवे पान लाल प्रकाश शोषून घेते आणि अवरक्त किरण परावर्तित करते. म्हणून अवरक्त आकड्यातून लाल आकडा वजा करावयाचा आणि त्या दोहोंच्या बेरजेने भागावयाचे. उत्तर एकाकडे झुकले तर पीक दाट, शून्याकडे झुकले तर विरळ. आता २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रतिमांमधील प्रत्येक आकड्यात १,००० मिळवून देण्याची पद्धत सुरू झाली. कारण तांत्रिक आणि रास्त होते. वापरणाऱ्याने ते १,००० वजा करावे अशी अपेक्षा आहे. काही वितरक मात्र ही वजाबाकी आधीच करून प्रतिमा देतात.

उदाहरणादाखल पावसाच्या खंडाने सुकत चाललेले एक शेत घेऊ. त्याचे खरे आकडे अवरक्त २,५०० आणि लाल १,२०० असे माना. निर्देशांक येतो ०.३५. वजाबाकी करावयाची राहिली तर तोच ०.२३ येतो. आधीच वजा केलेल्या प्रतिमेतून पुन्हा वजाबाकी केली तर आकडे १,५०० आणि २०० होतात आणि निर्देशांक ०.७६ वर जातो. एकच शेत, एकच दिवस, एकच प्रतिमा. आणि तीन उत्तरे. पहिले सांगते पीक अडचणीत आहे, दुसरे सांगते पीक गेले, तिसरे सांगते पीक डौलात आहे. कोणाचाही दुष्ट हेतू नाही, कोणी लाच घेतलेली नाही. केवळ एक ओळ तपासावयाची राहिली. ही ओळ बंद खोलीत असेल तर मंडळातील हजारो शेतकऱ्यांना ती कधीही दिसणार नाही. ती उघड्यावर असेल तर अमरावतीच्या महाविद्यालयातील विज्ञानाचा विद्यार्थीही ती एका दुपारी पकडू शकेल.

हिरवेपणा म्हणजे पीक नव्हे

वाचक निर्दोष असला, माप बरोबर असले, तरी प्रतिमेला काय दिसते आणि काय दिसत नाही हा प्रश्न उरतोच. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला. ही अळी बोंडाच्या आत असते. पऱ्हाटी बाहेरून हिरवीगार दिसते आणि आत सरकी व धागा सडत असतो. आकाशातून पाने दिसतात. बोंडाच्या आतील कीड दिसत नाही. सोयाबीनचेही तसेच. फुलोऱ्यात आणि शेंगा भरण्याच्या वेळी पाण्याने ओढ दिली, तर झाड उभे राहते आणि शेंगा पोचट राहतात.

त्यातही वऱ्हाडातील शेती एकपिकी नाही. सोयाबीनच्या किंवा कापसाच्या ओळींत तुरीचे तास असते. सोयाबीन काढून झाल्यावरही तूर हिरवी उभी असते. एका आराच्या घरात दोन्ही पिके मिसळतात. धुऱ्यावरची बाभूळ आणि कडुनिंब आणखी हिरवेपणा मिळवतात. आणि सर्वांत मोठी अडचण ढगांची. खरिपाचे निर्णायक आठवडे जुलै-ऑगस्टमध्ये येतात, आणि नेमके तेव्हाच आभाळ भरलेले असते. ढगांतून पाहणारे रडार उपग्रह आहेत, परंतु ते पानांचा हिरवेपणा मोजत नाहीत. पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि ओलावा यांवरून अनुमान करतात. म्हणजे जेथे प्रतिमा नाही तेथे अनुमान, आणि अनुमानावर पुन्हा गणित.

याचा अर्थ उपग्रह निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. पूर, दीर्घ खंड, पेरणीचे क्षेत्र या गोष्टी तो उत्तम दाखवतो, आणि कापणी प्रयोगात कोणी दबावाने आकडा फुगवला किंवा दाबला तर त्याविरुद्ध साक्षही देऊ शकतो. पण साक्षीदाराची उलटतपासणी होत नसेल, तर ती साक्ष नव्हे, फर्मान होय.

आक्षेप आणि त्यांची किंमत

यावर चार आक्षेप हमखास येतात. पहिला आपल्याच गोटातला: ही यंत्रे भांडवलदारांची, त्यांच्या नादी लागू नये. हे म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे की, आपण नादी लागलो नाही म्हणून यंत्र थांबलेले नाही; ते आपल्याविना चालू आहे. काटा हाती न घेणाऱ्याला काट्याविरुद्ध तक्रार करण्यापलीकडे काही उरत नाही.

दुसरा आक्षेप कार्यालयातला: शेतकऱ्याला यातले काय कळणार? हे वाक्य आपण फार जुन्या काळापासून ऐकत आलो आहोत. सातबारा कळणार नाही, पैसेवारी कळणार नाही, सहकारी बँकेचे व्याज कळणार नाही. ज्याच्या पोटाचा प्रश्न असतो त्याला सर्व कळते. कळू नये अशी व्यवस्था मात्र काही वेळा मुद्दाम करावी लागते.

तिसरा आक्षेप: सूत्र उघड केले तर लोक त्याचा गैरफायदा घेतील. आपले सुकलेले सोयाबीन ७८६ किलोमीटरवरच्या उपग्रहाला हिरवे किंवा हिरवे सोयाबीन सुकलेले दाखवण्याची युक्ती कोणत्या शेतकऱ्याजवळ आहे, ते एकदा सांगावे. गुप्ततेचा फायदा नेहमी ज्याच्याजवळ अभियंते आणि वकील असतात त्यालाच होतो.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार भासतो: हे सूत्र कंपन्यांचे व्यापारी गुपित आहे. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी विचारतो, हे गुपित विकत कोणी घेतले? शेतकऱ्याचा हप्ता वगळता उरलेला सर्व विमा हप्ता केंद्र आणि राज्य यांच्या तिजोरीतून जातो. प्रतिमा सार्वजनिक पैशाने पाठवलेल्या उपग्रहाच्या, त्या वाचणारी लायब्ररी सार्वजनिक, कापणी प्रयोग सरकारी कर्मचाऱ्यांनी केलेले, हप्ता तिजोरीतला. या सर्वांच्या बेरजेतून निघालेला आकडा मात्र खाजगी, हे गणित कोणत्याही शाखेच्या अर्थशास्त्रात बसत नाही.

सार्वजनिक साधनाची राखण

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. खुले म्हणजे बेवारस नव्हे. आपल्याकडे गावच्या ई-क्लास जमिनीचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सर्वांची म्हणता म्हणता ती ज्याच्या हाती बळ त्याची झाली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते हे दाखवून दिल्याबद्दल की, सामाईक साधने नियमाने आणि सहभागाने राखली तर टिकतात. जीडॅलचा भार दीर्घकाळ मूठभर माणसांच्या खांद्यावर होता. २०२१ साली त्याच्या देखभालीसाठी प्रायोजकांची व्यवस्था उभी राहिली, आणि मायक्रोसॉफ्ट, ॲमेझॉन, गुगल, एस्री यांनी तीत पैसा घातला. साधन टिकले हे चांगले झाले. पण या राखणदारांत विद्यापीठे, राज्य सरकारे, शेतकरी संघटना कोठे आहेत? राखण करणाराच हळूहळू दिशा ठरवू लागतो, हे ई-क्लासच्या इतिहासातून आपण शिकलेलो नाही काय?

हे आपल्याकडे अशक्य आहे असेही नाही. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात अकोला आणि अमरावतीची गावे आहेत, पूर्णा खोऱ्यातील खारपाण पट्टाही आहे. त्या प्रकल्पासाठी मुंबईच्या आयआयटीने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारा जो प्रोग्राम तयार केला, तो क्यूजीआयएस या मुक्त साधनाची जोडणी म्हणूनच केला. म्हणजे या भूमीच्या प्रश्नावर, खुल्या साधनाने, सार्वजनिक संस्थेने काम केल्याचा दाखला आपल्या अंगणातच आहे. केरळने आपल्या शाळांतील संगणक शिक्षण मुक्त प्रणालीवर उभे केले. आपण मात्र २००१ पासून संगणक साक्षरता म्हणजे एका परदेशी कंपनीच्या प्रोग्रामांची ओळख, असे समीकरण घरोघरी पोहोचवले. लाखो तरुणांनी प्रमाणपत्रे मिळवली. त्यांतील किती जणांना आपल्या वडिलांच्या शेताची प्रतिमा उघडता येते?

काय मागावयाचे, काय करावयाचे

मागण्या मोजक्या आणि स्पष्ट असाव्यात. उत्पन्नाचा अंदाज ज्या प्रतिमांवरून केला त्यांची यादी तारखांसह प्रत्येक मंडळासाठी प्रसिद्ध झाली पाहिजे. अंदाजाचे सूत्र, त्यातील गुणक आणि प्रोग्रामचा स्रोत खुला असला पाहिजे. वापरलेल्या सॉफ्टवेअरची आवृत्ती नोंदलेली असली पाहिजे. कापणी प्रयोगांची स्थाने आणि आलेले उत्पन्न, शेतकऱ्याचे नाव वगळून, जाहीर झाले पाहिजे; म्हणजे दोन काटे शेजारी ठेवून ताळा पाहता येईल. आणि आकडा अंतिम होण्यापूर्वी हरकतींसाठी मुदत मिळाली पाहिजे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातील चौथे कलम असली माहिती न मागताच प्रसिद्ध करावयास सांगते. तेव्हा आपण उपकार मागत नाही, कायद्याची अंमलबजावणी मागत आहोत.

परंतु मागणी करणे हा कामाचा अर्धाच भाग झाला. माहिती हाती आली आणि ती वाचणारा कोणी नसला तर सरकार म्हणेल, दिली होती की. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, अमरावतीत १९८३ पासून विद्यापीठ आहे, नागपुरात राज्याचे सुदूर संवेदन केंद्र आहे. या संस्थांनी स्वतंत्र तपासणी केंद्रे म्हणून उभे राहावे, असा आग्रह आपण धरला पाहिजे. आणि त्यांची वाट न पाहता तालुक्यातालुक्यात दोन-तीन तरुणांना हे साधन शिकवले पाहिजे. एका हंगामात एक मंडळ घ्यावे. दहा शेते निवडावीत, त्यांची स्थाने मोबाइलवर नोंदवावीत, पेरणीपासून काढणीपर्यंत दर पंधरवड्याला पिकाची स्थिती वहीत लिहावी, आणि त्याच तारखांच्या प्रतिमांतील निर्देशांक शेजारी मांडावा. पिवळा मोझॅक, बोंडअळी, पावसाचा खंड, तुरीचे तास, सर्व नोंदवावे. दहा शेतांवरून मंडळाचे सरासरी उत्पन्न सिद्ध होणार नाही. पण प्रतिमा कोठे खरे बोलते आणि कोठे फसते, हे निश्चित कळेल. मराठीत लिहिलेली अशी एक वही मोर्च्यातील शंभर घोषणांपेक्षा सरकारी टेबलावर अधिक जड पडेल.

सरकार, विमा कंपनी आणि शेतकरी या तिघांत पहिल्या दोघांजवळ आकडे वाचणारी माणसे आहेत. तिसऱ्याजवळ ती असली पाहिजेत. काट्यावर शिक्का हवा ही मागणी आपल्या आधीच्या पिढीने केली, तेव्हा तिला तराजू तोलता येत होता. म्हणूनच तिच्या मागणीला वजन होते. आकाशातल्या काट्यावर शिक्का मागावयाचा असेल तर तो वाचण्याची विद्या आपणही कमवावी लागेल. येत्या खरिपाच्या पेरणीपूर्वी प्रत्येक तालुक्यात ती वही सुरू व्हावी.